झेलीसाठी सहा वर्षं थांबलो, आणि दुसऱ्या भागानं जीव तोडला

आधीच सांगून ठेवते, पुढं दोन्ही पुस्तकांची गोष्ट फुटणार आहे. ज्यांना पहिला भाग वाचायचाय त्यांनी इथंच थांबा आणि जाऊन तो वाचा, अगदी मनापासून सांगते, माझं हे नंतर वाचलं तरी चालतंय.

पुस्तक आहे टोमी अडेयेमीचं 'चिल्ड्रन ऑफ व्हर्च्यू अँड व्हेंजन्स', म्हणजे 'चिल्ड्रन ऑफ ब्लड अँड बोन'चा दुसरा भाग. पहिला २०१८ च्या मार्चमध्ये आला, दुसरा २०१९ च्या डिसेंबरमध्ये, आणि २०२४ ला तिसरा येऊन मालिका संपली पण. म्हणजे सगळ्यांनी वाचून कधीच बाजूला ठेवलेलं पुस्तक मी आत्ता यंदाच्या उन्हाळ्यात वाचलं, आणि त्याला कारण माझी भाची आहे.

२०१९ चा पूर कोल्हापुरात कुणाला सांगायला नको. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट आणि त्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. आम्ही तेव्हा शाहूपुरीत खालच्या अंगाला राहायचो. रात्री गल्लीच्या तोंडाला असलेलं पाणी पहाटे पायरीला लागलं, मग काय, हाताला लागेल ते घेतलं आणि निघालो राजारामपुरीत आत्याकडं. भाची तेव्हा आमच्याकडंच राहून शिकत होती, पाचवीला. आईनं कागदपत्रांची पिशवी घेतली, मी रेशनकार्ड शोधत बसले, आणि हिनं टेबलावरचं माझं अर्धं वाचलेलं पुस्तक उचलून दप्तरात टाकलं. मुखपृष्ठावर पांढऱ्या केसांची मुलगी आहे ना, ती तिला बरेच दिवस खुणावत होती.

मग पुढचे आठ दिवस शिरोलीजवळ हायवे बंद, नळाला पाणी नाही, लाईट येऊन जाऊन, दूध मिळालं तर मिळालं. संध्याकाळ झाली की आत्याच्या माडीवर मेणबत्ती लावायची, मी डोळ्यानं इंग्रजी वाचायचे आणि तोंडानं मराठीत सांगायचे, आणि ही मांडीवर उशी घेऊन ऐकायची. हळूहळू आत्या पण येऊन बसायला लागली, मग शेजारच्या काकू. पाचशेच्या वर पानं आहेत, सगळी नाही झाली त्या आठवड्यात, पण निम्म्याच्या पुढं गेलो.

झेली म्हणजे गोष्टीची नायिका, तिचं गाव इलोरिन, ते समुद्रावर तरंगतं. मी हे सांगितल्यावर भाचीनं पहिला प्रश्न विचारला, "मग त्यांच्या घरात पाणी येत न्हाई?" मला काय उत्तर द्यावं कळेना. आणि थोडंच पुढं ते गाव जळतं, राजाचे सैनिक येतात आणि सगळं पेटवून देतात, झेली आणि तिचा भाऊ झेन पाण्यातनं बघत राहतात. त्या रात्री कुणी काही बोललं नाही. आत्यानं मेणबत्ती विझवली आणि म्हणाली, घर गेलं की कसं वाटतं हे त्या बाईला ठाऊक दिसतंय. लेखिका अमेरिकेत वाढलेली, आईवडील नायजेरियाचे, आणि आत्याला ह्यातलं काहीही ठाऊक नव्हतं, तरी ती असं म्हणाली.

पहिल्या भागाचं मोठेपण मला तिथंच कळलं. बक्षिसं मिळाली, अँड्रे नॉर्टन पुरस्कार मिळाला, सिनेमाचे हक्क पण विकले गेले, ते सगळं ठीक. पण राजारामपुरीच्या माडीवर सत्तरीची बाई आणि दहा वर्षांची पोरगी एकाच गोष्टीला धरून बसतात हे माझ्यासाठी जास्त आहे.

थोडक्यात गोष्ट सांगते. ओरिशा नावाचा देश, जादू असलेली दहा कुळं. अकरा वर्षांपूर्वी राजा सारनच्या माणसांनी एका रात्रीत जादू असलेल्या सगळ्या मोठ्या माणसांना मारलं, त्यात झेलीची आई पण गेली, झेलीच्या डोळ्यांदेखत. जादू संपली. उरली ती पांढऱ्या केसांची पोरं, केसांवरनंच ओळखू येणारी, त्यांच्यावर वेगळा कर, येता जाता शिव्या, कर भरला नाही तर वेठीला धरून नेणार. मग राजाची मुलगी अमारी राजवाड्यातनं एक गुंडाळी घेऊन पळते, ज्यानं जादू परत जागी होते, आणि बाजारात नेमकी झेलीच्या अंगावर येऊन आदळते. तिथनं पुढं तीन वस्तू, एक मुहूर्त आणि पाठलागावर अमारीचा भाऊ, राजपुत्र ईनान.

नावांची गंमत सांगायची राहिली. योरुबात वडिलांना बाबाच म्हणतात. झेली 'बाबा' अशी हाक मारते ती मला भाषांतर करावीच लागली नाही, तशीच्या तशी आमच्या माडीवर आली. मामा आग्बा मात्र म्हातारी बाई आहे हे भाचीला दोनदा सांगावं लागलं. आणि जादूचे मंत्र योरुबातलेच छापलेत, ते मी जसे जमतील तसे मोठ्यानं वाचायचे, आणि काकू हात जोडायच्या.

पहिल्या पुस्तकातली ती पहिलीच जागा बघा. मामा आग्बाच्या बोरूच्या झोपडीत पोरी काठी फिरवायला शिकतायत, आणि शिपाई आले की काठ्या गायब, सगळ्या पोरी माना खाली घालून शिवणकाम करतायत. शिपाई आत येतात, कर वाढवल्याचं सांगतात, म्हातारी असतील ते पैसे मोजून देते. जादू अजून कुठंच नाही, लढाई नाही, तरी ते राज्य कसं चालतं हे सगळं त्या एका झोपडीत कळतं. मी हे वाचत असताना मला भाऊसिंगजी रोडवरच्या गंगाराम कांबळेंची आठवण झाली. समाजानं अस्पृश्य ठरवलेल्या ह्या माणसाला शाहू महाराजांनी चहाचं दुकान काढायला लावलं आणि स्वतः तिथं जाऊन चहा प्यायला लागले, बरोबरच्या लोकांना पण प्यायला लावला. १९०२ चा पन्नास टक्के जागांचा हुकूम आम्ही शाळेत पाठ केलाय, पण तो चहाचा कप जास्त लक्षात राहतो. अडेयेमीला पहिल्या भागात हे जमलंय, मोठा अन्याय छोट्या वस्तूत दाखवायचं. करासाठी मोजलेली नाणी, बाजारात विकायला नेलेला एक मासा, मेलेल्या मैत्रिणीचं नाव.

तर पूर ओसरला, घर धुऊन काढलं, पुस्तकाची पानं दमटीनं फुगली ती अजून तशीच आहेत. डिसेंबरात दुसरा भाग आला. दुकानात सांगून मागवून घेतला, आणि आमचं ठरलं की एकत्र वाचायचा, तसाच, संध्याकाळी. मग लॉकडाऊन, ती इचलकरंजीला आईवडिलांकडं गेली आणि तिथंच राहिली. मी एकटीनं वाचायला नको म्हणून पुस्तक उघडलं नाही. खरंच नाही उघडलं. मध्ये तिनं पहिला भाग स्वतःच इंग्रजीतनं वाचून काढला, आठवीत असताना. आणि फोन करून मला म्हणाली, "मावशे, तू एक भाग गाळलास की गं मला सांगताना."

गाळला होता. झेलीला पकडून तिच्या पाठीवर शिवी कोरतात तो भाग. दहा वर्षांच्या पोरीला पुराच्या रात्री मी ते सांगू शकले नाही, झेलीला तुरुंगात टाकलं एवढंच सांगून पुढं गेले. ही म्हणाली ते वाचून तिला रात्रभर झोप लागली नाही. ह्याचा उल्लेख मी मुद्दाम करतेय, कारण दुसऱ्या भागाचं सगळं दुखणं मला ह्या जखमेतच दिसतं.

यंदा तिची दहावी झाली, परीक्षा संपल्या संपल्या ती सुट्टीला आली आणि आम्ही बसलो. ह्या वेळी मी सांगायचं नाही, आळीपाळीनं मोठ्यानं वाचायचं. आत्या आता नाही. काकू येऊन बसल्या दोन दिवस.

दुसऱ्या भागाची कल्पना ऐकून मला तर जबरदस्त वाटली होती. पहिल्या भागाच्या शेवटी झेली जादू परत आणते, पण ती फक्त तिच्या लोकांकडं येत नाही, ज्यांच्या रक्तात कधीकाळी जादूचा अंश होता त्या सरदार घराण्यांकडं पण येते. म्हणजे ज्यांनी मारलं त्यांच्याच हातात आता हत्यार. त्यांना टायटन म्हणतात. अमारीच्या केसात पांढरी बट येते, तिची आई राणी नेहांडा तर सगळ्यात ताकदवान निघते. झेलीनं बापाचा जीव घालवून जे मिळवलं ते उलटलं. ह्याच्याहून मोठं दुःख काय असणार, ह्यावर खरं तर तीन पुस्तकं होतील.

आणि सुरुवातीला वाटतं पण की होणार. झारियाला अमारी लोकांसमोर उभी राहून गादीवर हक्क सांगते, आणि तिथं तिची आई येते, त्या प्रसंगाला आम्ही दोघी पलंगावर सरळ होऊन बसलो. नेहांडा हे पात्र चांगलं आहे, तिच्या प्रत्येक प्रवेशाला पुस्तक जागं होतं. झेलीच्या हाताखालचा माझेली नावाचा पोरगा, तो पण जीव लावतो, दोन चार पानातच आपला होतो. म्हणजे लेखिकेचा हात गेलाय असं मी म्हणणार नाही, हात आहे, तो दिसतो मधनं मधनं, आणि म्हणून तर जास्त लागतं.

पण पुढं काय होतं माहितीय का, कुणी कुणाशी बोलतच नाही. झेली आणि अमारी ह्या दोघींनी पहिल्या भागात एकमेकींना हळूहळू कमावलं होतं. आधी झेली तिचा राग राग करायची, राजाची पोरगी म्हणून, आणि मग अमारीची पाठ बघून, तिच्यावर पण लहानपणीचा तलवारीचा वण आहे हे कळून, मग तिनं स्वतःच्या बापासमोर उभं राहून त्याला मारल्यावर, असं करत करत त्या बहिणी झाल्या. पाचशे पानं लागली त्याला. दुसऱ्या भागात तेच सगळं एका प्रकरणात मोडतं, मग जुळतं, मग परत मोडतं. एक जण अर्धं वाक्य ऐकतो आणि रागानं निघून जातो. ईनान तह करायला बघतो, त्याच्यावर कुणाचा विश्वास नाही, ते समजू शकते, पण मग विश्वास नाही तर नाही, त्याचं काहीतरी कायमचं होऊ दे ना. इथं प्रत्येक जण दुसऱ्याला माफ करायच्या काठावर येतो आणि काहीतरी फुटतं, कोसळतं, कुणीतरी ओरडत येतं, आणि पुन्हा पहिल्यापासून.

दीडशेव्या पानाच्या आसपास भाची पुस्तक मांडीवर उपडं ठेवून म्हणाली, "मावशे, ह्यांना एकदा जेवायला समोरासमोर बसवा की गं कुणीतरी. मी वैतागलो."

तिचं बरोबर होतं. वर्षानुवर्षांचं वैर असलेली माणसं आपण पण बघतो, भाऊबंदकीत बोलणं टाकलेली घरं आमच्या गल्लीत आहेत, पण तिथं न बोलण्याला वजन असतंय. लग्नाची पत्रिका जाते की नाही, मयताला खांदा देतात की नाही, प्रत्येक गोष्टीचा हिशोब असतो. ह्या पुस्तकात न बोलण्याला तसं वजनच नाही, ती बोलली तर गोष्ट पुढं सरकणार नाही म्हणून बोलत नाहीत असं वाटत राहतं. एकदा हा संशय मनात आला की मग सगळंच तसं दिसायला लागतं.

आता त्या जखमेचं. पहिल्या भागात पाठीवरची ती शिवी एकदा कोरली जाते आणि नंतर झेलीला जादू लागेनाशी होते, शब्दच फुटत नाही, तिथं वाचणाऱ्याच्या पाठीवर काटा येतो. दुसऱ्या भागात दर काही पानांनी ती जखम आपल्याला आठवून देतात. पाठ जळली, वण दुखला, बाबा आठवले, आई आठवली. सुरुवातीला मी प्रत्येक वेळी थांबायचे. शंभर पानानंतर माझं बोट आपोआप पुढच्या ओळीवर जायला लागलं, आणि ते लक्षात आल्यावर मला स्वतःची लाज वाटली, कारण ही तीच जखम जी मी पोरीपासून लपवली होती. दुःख सारखं सारखं सांगितलं की ते दुखायचं थांबतं, आणि झेलीच्या बाबतीत ते थांबायला नको होतं. मरणाच्या घरात बघा, रडून झाल्यावर कुणीतरी चहाला ठेवतं, कुणीतरी गेलेल्या माणसाच्या चपला उचलून आत ठेवतं, आणि त्या चपलांनी परत सगळ्यांना रडू येतं. अशी चप्पल ह्या अख्ख्या पुस्तकात मला सापडली नाही.

आम्ही एक केलं, ते सांगते. पहिल्या भागात तीन जण गोष्ट सांगतात, झेली, अमारी, ईनान, आणि तिघांचा आवाज वेगळा. झेली तडकून बोलणारी, अमारी भीत भीत सगळं बारीक बघणारी, ईनान बापानं शिकवलेलं कर्तव्य स्वतःला पुन्हा पुन्हा बजावणारा, हातात सोंगटी धरून. दुसऱ्या भागात पण तेच तिघं सांगतात. तर एका दुपारी मी दोन्ही पुस्तकं घेऊन बसले, नाव झाकून कुठलाही परिच्छेद वाचायचे आणि तिनं ओळखायचं कोण बोलतंय. पहिल्या पुस्तकातले पाचच्या पाच बरोबर. दुसऱ्यातले पाचपैकी दोन. आणि ती ही पुस्तकं कोळून प्यायलेली पोरगी आहे. तिघंही आता एकाच सुरात बोलतात, सगळ्यांना सारखाच अपराधी वाटतं, सगळ्यांचा श्वास छातीत अडकतो, सगळे मुठी आवळतात.

जादूचं पण तसंच झालंय. आधी जादूला किंमत होती. गुंडाळी पाहिजे, मंत्र यायला पाहिजे, रक्तातली जादू वापरली तर जीव जायची वेळ. दुसऱ्यात टायटनांच्या हातातनं जादू नुसती वाहत येते, रंगीत ढगच्या ढग उठतात, भिंती कोसळतात, जमीन दुभंगते, आणि मला मात्र पहिल्या भागात बिंताच्या हातातनं निघालेला तो उजेड आठवतो. बिंता म्हणजे अमारीची दासी आणि मैत्रीण. गुंडाळीला हात लागल्यावर तिच्या तळव्यातनं प्रकाश येतो, आणि राजा तिथंच तिला मारतो, अमारी लपून बघत असते. एवढाच उजेड, पण त्यानं अख्खं पुस्तक पेटवलं.

आणि देश कुठं गेला? पहिल्या भागात ओरिशा फिरून यायला झालं होतं. लागोसचा बाजार, जंगल, पडकं देऊळ, आणि ते वाळवंटातलं इबेजी, जिथं माणसं घोटभर पाण्याला महाग आणि आखाड्यात मात्र पाणी भरून जहाजांच्या लढाया लावतात श्रीमंतांच्या करमणुकीला. आमच्या चारी बाजूनं पाणी असताना ते प्रकरण आम्ही वाचलं होतं, प्यायला मात्र टँकरची वाट बघत होतो, त्यामुळं ते जन्मात विसरणार नाही. गावांची नावं तर नायजेरियातली खरीच आहेत, लागोस, इबादान, झारिया, इलोरिन, भाचीनं तेव्हा आत्याच्या जुन्या ॲटलासमध्ये मेणबत्तीच्या उजेडात शोधून काढली होती. दुसऱ्या भागात बहुतेक वेळ आपण डोंगरातल्या लपायच्या जागी नाहीतर राजवाड्यात. लोक मरतात असं ऐकू येतं, गावं पडतात असं कळतं. दहा कुळांचे प्रमुख समोर येतात, मला वाटलं आता प्रत्येक कुळाची रीत, देव, खाणंपिणं बघायला मिळणार, आपल्याकडं प्रत्येक भावकीचं देवक वेगळं, कुलाचार वेगळा तसं काहीतरी. ते होत नाही. नावं येतात, रंग येतो, कोण काय फेकतं ते कळतं, आणि लढाई सुरू होते.

इबादानबद्दल बोलायला पाहिजे. अमारी तिथं जो निर्णय घेते, लढाई जिंकायसाठी गावातल्या साध्या माणसांचा बळी जाऊ देते, ते ह्या पुस्तकातलं सगळ्यात धाडसाचं पान आहे. जिनं मैत्रिणीच्या खुनापायी बापावर शस्त्र उचललं तीच बापासारखी वागायला लागते. इथं मी खरंच हादरले. काकू म्हणाल्या, "सत्ता आली की पोरगीबी तसलीच झाली." पण लेखिका तिथं थांबत नाही. अमारीला त्या मेलेल्या माणसांसमोर उभं करायला पाहिजे होतं, एकेकाचं तोंड बघायला लावायला पाहिजे होतं, निदान वीस पानं. पुस्तक चारशेच्या घरातलं आहे, आधीच्यापेक्षा बारीक, जागा होती. तसं न करता आपल्याला पटकन पुढं ढकललं जातं, कारण राजवाडा घ्यायचाय.

झेली आणि रोएन नावाच्या भाडोत्री लढवय्याचं प्रेम, ते मला चाललं, भाचीला जास्त चाललं. त्याबद्दल तक्रार नाही.

शेवट मात्र मनाला लागला. इतकं सगळं झाल्यावर, माणसं गेल्यावर, राजवाडा हाताला येतो न येतो तोच पांढरा धूर, सगळे बेशुद्ध, आणि झेलीचे डोळे उघडतात ते बोटीत, साखळीत. संपलं. कोण आले, का आले, काही नाही, ते तिसऱ्या भागात बघा. खासबागेत कुस्ती बघायला गेलेल्या माणसाला विचारा, अर्धा तास दोन पहिलवान झुंजवून शेवटी बरोबरीत सोडवली तर मैदानात काय आवाज उठतो. हरलं तरी चालतंय, पण कुस्ती निकाली पाहिजे. नेहांडाविरुद्धची लढाई ही ह्या पुस्तकाची कुस्ती होती, आणि तिचा निकाल कळून तो पचायच्या आत तिसराच कुणीतरी मैदानात उतरवला. पहिल्या भागाचा शेवट पण अर्धवटच होता की, पण तो झेलीच्या स्वतःच्या कर्मातनं आला होता. तिनं जे केलं त्याचंच फळ अमारीच्या केसात पांढरं होऊन दिसलं. म्हणून आम्ही सहा वर्षं थांबू शकलो.

पहिलं पुस्तक आलं तेव्हा लेखिका चोविशीत होती. एवढ्या कमी वयात एवढं मोठं यश, डोक्यावर सिनेमा, पुढच्या भागाची घाई, ह्यातलं कशानं काय झालं ते मला इथं बसून सांगता येणार नाही, पण पहिल्या भागाच्या शेवटी तिनं स्वतःच लिहिलंय की अमेरिकेत पोलिसांच्या गोळीनं मरणाऱ्या काळ्या पोरांच्या बातम्या बघून हे पुस्तक आलं. ते दुःख पहिल्या पुस्तकाच्या पानापानात आहे. म्हणून मला हिच्यावर रागावता पण येत नाही. जिनं आत्याला त्या रात्री तसं बोलायला लावलं तिच्याकडनं मी कमी का मागावं.

घ्यायचं का नाही असं विचाराल तर, पहिला भाग विकत घ्या, डोळे झाकून घ्या, घरात बारा तेरा वर्षांची मुलं असतील तर त्यांच्यासोबत वाचा आणि तो पाठीवरचा प्रसंग आधी स्वतः वाचून ठरवा. दुसरा भाग विकत नका घेऊ, कुणाकडं असला तर मागून वाचा, नेहांडासाठी आणि माझेलीसाठी. इंग्रजी सोपं आहे दोन्हीचं, दहावीच्या मुलांना सहज जातं. ह्यांचं मराठी भाषांतर झालं तर पहिल्याला आपल्याकडं खूप वाचक मिळतील असं मला नेहमी वाटतं, 'बाबा' तर भाषांतर करायलाच नको.

तिसऱ्याचं आम्ही अजून ठरवलं नाही. भाची म्हणते, झेलीला त्या बोटीत तसं साखळीत ठेवून कसं सोडायचं. हे ती पुस्तकाबद्दल बोलत नाही, झेलीबद्दल बोलते, आणि ते प्रेम पहिल्या भागानं लावलेलं आहे.

मी घरी इंग्रजीचे क्लास घेते. पुराच्या पाण्यानं फुगलेली ती पहिल्या भागाची प्रत आता नववीतल्या एका पोरीकडं आहे, मागच्या आठवड्यात क्लास सुटल्यावर दारात थांबून, चपला घालता घालता तिनं विचारलं, "मॅडम, इलोरिन जळल्यावर त्या परत तिथं जातात का हो?" मी म्हटलं, वाच. मग म्हणाली, दुसरा भाग आहे का तुमच्याकडं. कपाटात समोरच होता. मी तो काढून हातात धरला, आणि तिला सांगितलं की आहे, देते, पण पहिला संपल्यावर आधी माझ्याकडं ये, तुला काय वाटलं ते सगळं सांग, वहीत लिहून आण हवं तर, आणि मग घेऊन जा.